निविदेआधीचा हिशेब

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम नगर परिषदेने ५ सप्टेंबर २०२३ रोजी ‘कलम ११४’ची नोटीस काढली, आणि शहर दिवाळखोर झाल्याच्या बातम्या सगळीकडे पसरल्या. नेमके तसे नव्हते. तिथल्या स्थानिक संस्थेला कंपनीसारखे दिवाळे काढता येत नाही. १९८८च्या स्थानिक शासन वित्त कायद्याप्रमाणे तिच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला एवढेच लेखी कळवावे लागते की येऊ घातलेला खर्च हाती असलेल्या पैशांत भागत नाही. त्यानंतर कायद्याने बांधलेल्या सेवा सोडून नवा खर्च थांबतो. अकरा लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरावर ही पाळी आली ती मुख्यतः समान वेतनाच्या जुन्या दाव्यांमुळे. ते देणे तेव्हा ६५ ते ७६ कोटी पौंडांच्या घरात धरले जात होते. या मोठ्या आकड्याच्या आड मात्र एक लहान आकडा होता, आणि नगरपालिका चालवणाऱ्या कोणालाही तोच अधिक ओळखीचा वाटावा. परिषदेने हिशेबासाठी नवी संगणकप्रणाली घेतली होती. सुरुवातीचा अंदाज सुमारे २ कोटी पौंडांचा. प्रणाली सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी, दुरुस्ती धरून एकूण खर्च १० कोटी पौंडांपर्यंत जाऊ शकतो, असे परिषदेला जाहीर करावे लागले. एवढे पैसे ओतूनही आपल्या तिजोरीत नेमके काय आहे हे खात्रीने सांगणे तिला जड जात होते.

अशा बातमीवर आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. सॉफ्टवेअर टाकाऊ असेल, कंपनीने गंडवले असेल, नाहीतर मधल्यामध्ये कोणी हात धुऊन घेतले असतील. बर्मिंगहॅमने घेतलेली प्रणाली ऑरॅकलची होती. त्याआधी १९९९पासून तिथे सॅप होते. दोन्ही जगभर चालतात आणि दोन्हींवर कितीतरी मोठ्या संस्थांचे हिशेब व्यवस्थित बसतात. तेव्हा कोणते सॉफ्टवेअर निवडले, या प्रश्नापाशी फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. माझे म्हणणे असे आहे की स्थानिक संस्थेची हिशेबप्रणाली बहुतेक वेळा निविदा निघण्याआधीच फसलेली असते. आपले हिशेब यापुढे कोणत्या पद्धतीने ठेवायचे, कोणती जुनी वहिवाट सोडायची आणि ती सोडायला कोणाला भाग पाडायचे, हे संस्थेने स्वतः ठरवायचे असते. ते ठरवायचे टाळले की तो निर्णय निविदेच्या कागदांत लपून बसतो, करारनाम्यात शिरतो आणि शेवटी एखाद्या लेखापालाच्या टेबलावर न जुळणाऱ्या बेरजेच्या रूपात बाहेर पडतो.

बर्मिंगहॅममध्ये हे कसे घडले ते थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. प्रणाली बदलण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला. तेव्हा जाहीर धोरण शहाणपणाचे होते: ऑरॅकलची तयार कार्यपद्धती जशी आहे तशी आपण स्वीकारू, आपल्या सवयींसाठी प्रणाली वाकवणार नाही. कागदावर हे लिहिणे सोपे. पण परिषदेच्या बँक खात्यांत दररोज येणारे पैसे कोणाचे आणि कशापोटी आले, हे हिशेबाच्या नोंदींशी जुळवण्याची पाळी आली, तेव्हा जुनी पद्धत सोडवेना. त्या कामासाठी खास वेगळा भाग बांधून घेण्यात आला. एप्रिल २०२२ मध्ये प्रणाली सुरू झाली आणि नेमका हाच भाग नीट चालेना. पैसे बँकेत येत होते, पण कोणत्या खात्यावर जमा धरायचे हे यंत्राला ठरवता येत नव्हते. मग माणसे बसवून हाताने नोंदी जुळवण्याचे काम सुरू झाले, आणि ते करायला पुन्हा वेगळा खर्च. परिषदेच्या शाळांचे व्यवहारही याच प्रणालीवर असल्याने त्यांनाही झळ पोचली. ग्रँट थॉर्नटन या बाह्य लेखापरीक्षकांनी पुढे जे नोंदवले त्याचा रोख विक्रेत्यापेक्षा परिषदेकडेच अधिक होता. प्रणाली तयार नसताना ती सुरू केली गेली, आणि ऑरॅकल जाणणारी पुरेशी माणसे परिषदेच्या स्वतःच्या पदरी नव्हती. शेवटी तोडगा निघाला तो असा की, सगळे पुन्हा पहिल्यापासून, या वेळी खरोखरच मूळ स्वरूपात बसवायचे आणि जमा रकमांसाठी वेगळी तयार प्रणाली घ्यायची. २०१९ मध्ये जे ठरवले होते तेच, कित्येक कोटी पौंड मोजून झाल्यावर.

बँकेचा ताळमेळ हा विषय ऐकायला रुक्ष असला तरी सगळी परीक्षा तिथेच होते, म्हणून जरा थांबतो. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपालिकेत मालमत्ता कर किती वाटांनी येतो ते पाहा. प्रभाग कार्यालयाच्या खिडकीवर रोख, त्याच खिडकीवर धनादेश, संकेतस्थळावरून कार्डाने, मोबाईलवरून यूपीआयने, थेट बँकेत चलनाने, आणि मार्चअखेर वसुली पथकाच्या हाती. ऑनलाइन भरणा नागरिकाच्या दृष्टीने तत्क्षणी झालेला असतो. पालिकेच्या खात्यात तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेकडो लोकांची एक ठोक रक्कम म्हणून उतरतो. धनादेश वटतो किंवा परत येतो, पण पावती आधीच फाडलेली असते. करविभागाची प्रणाली एक बेरीज दाखवते, बँकेचे विवरण दुसरी आणि लेखा विभागाची रोकडवही तिसरी. तिन्ही आपापल्या जागी खऱ्या असू शकतात, आणि तरीही त्या जुळल्याशिवाय पालिकेकडे किती पैसे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. सॉफ्टवेअरच्या सादरीकरणात पडद्यावर रंगीत आलेख फिरतात. परत आलेल्या धनादेशाचे काय होते ते क्वचितच कोणी विचारते. इथेच घोडे पेंड खाते.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड झाला आहे. इथे सॉफ्टवेअर आणि हिशेबाची पद्धत दोन्ही एकाच वेळी बदलत आली आहेत. पूर्वी नगरपालिकांचे हिशेब एकेरी नोंदीचे आणि रोखीचे होते. पैसे आले की जमा, गेले की खर्च. २००४ मध्ये राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका आली आणि डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने दुहेरी नोंदीची, उपार्जित पद्धत ही निधीसाठीची सुधारणा ठरवली. या पद्धतीत कराचे बिल निघाले की ती रक्कम उत्पन्न धरली जाते, मग पैसे येवोत न येवोत. न आलेली रक्कम येणे म्हणून ताळेबंदात उभी राहते, आणि त्यातली बुडीत किती, हे दरवर्षी कोणाला तरी सही करून सांगावे लागते. रस्ते, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या इमारती यांची किंमत लावावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने तर अनुदानाची अटच घातली की आधीच्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील असे ऑनलाइन ठेवले पाहिजेत. याचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे हिशेब वेळेवर लागू लागले. दुसरीकडे अनेक ठिकाणी रोजचे काम जुन्याच पद्धतीने चालू ठेवून वर्षअखेर बाहेरच्या सनदी लेखापालाकडून ते दुहेरी नोंदीत उलटवून घेण्याची वहिवाट पडली. ज्या पालिकेत असे चालते तिथे दुहेरी नोंद ही कार्यालयाची कार्यपद्धती झालेलीच नसते. ती वर्षातून एकदा बाहेरून येते आणि जाते. अशा पालिकेने कितीही महाग प्रणाली घेतली, तरी ती जिच्यावर बसवायची ती पद्धतच जागेवर नसते.

अशा स्थितीत निविदेचा मसुदा कसा तयार होतो? बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या पालिकेची निविदा मागवून. तिच्यात दोन-तीनशे वैशिष्ट्यांची यादी असते: देयके तयार करता आली पाहिजेत, अर्थसंकल्प मांडता आला पाहिजे, अहवाल काढता आले पाहिजेत, मराठी युनिकोड चालले पाहिजे. प्रत्येक विक्रेता प्रत्येक ओळीसमोर ‘होय’ लिहितो, आणि त्यात तो खोटेही बोलत नसतो. देयक तयार करणे ही गोष्ट सगळ्याच प्रणालींना जमते. तुमच्या पालिकेत देयक किती टेबलांवरून फिरते, कोणत्या रकमेच्या वर कोणाची सही लागते, अनामत रक्कम कोणत्या लेखाशीर्षात अडकून पडते आणि ती किती वर्षांनी कोण मोकळी करतो, हे त्या यादीत नसते. तेच तर ठरवायचे होते. यादी जितकी लांब, तितके ते ठरवणे पुढे ढकलले गेले असे समजायला हरकत नाही. माझ्या मते चांगल्या निविदेची पहिली खूण म्हणजे तिच्यासोबत जोडलेला एक नीरस कागद. नवी लेखाशीर्षे कोणती, जुन्यातली कोणती बंद होणार, कोणत्या सहीचे टेबल उडणार आणि कोणत्या तारखेपासून, एवढेच त्याच्यावर असावे. खाली मुख्य लेखा अधिकाऱ्याची आणि आयुक्तांची किंवा मुख्याधिकाऱ्यांची सही असावी. संगणक विभागाची एकट्याची सही पुरेशी नाही.

यावर प्रशासनातल्या माणसाचे पहिले उत्तर असते की हे सगळे खरे, पण नियम आम्हाला लघुतम देकाराला बांधून ठेवतात. स्वस्त सोडून दुसऱ्याला काम दिले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि पुढची दहा वर्षे त्याच्या अनुपालनाचे कागदी घोडे नाचवत बसावे लागते. हे उत्तर अर्धे बरोबर आहे. केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना गुण देऊन निवड करण्याची पद्धत आहे. ऑक्टोबर २०२१च्या सूचनांनी ती सल्लासेवांच्या पलीकडेही काही अटींवर नेली, मात्र तिथे गुणवत्तेचे वजन ३० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. राज्याचे आणि पालिकांचे खरेदी नियम वेगळे असले तरी निव्वळ किंमत हा एकच मार्ग नाही, एवढे त्यावरून दिसते. अडचण पुढे आहे. गुणवत्तेचे गुण दिले जातात कशाला? कंपनीची उलाढाल, प्रमाणपत्रे, कर्मचारीसंख्या, याआधी केलेली कामे. यातून कंपनी मोठी आहे एवढेच कळते. त्याऐवजी निविदेतच अट घालता येते की तांत्रिक फेरीतल्या प्रत्येकाला पालिका एका प्रभागाचा मागच्या मार्च महिन्याचा खराखुरा विदा देईल, नागरिकांची नावे झाकून: पावत्या, बँकेचे विवरण, परत आलेले धनादेश, ऑनलाइनच्या ठोक रकमा. ठरलेल्या दिवसांत प्रत्येकाने तो आपल्या प्रणालीत घालून ताळमेळ करून दाखवायचा आणि जे जुळले नाही त्याची यादी द्यायची. चाचणी सर्वांना सारखी, गुण मोजता येण्याजोगे, निकाल कागदावर. असा कागद जोडलेला असेल तर लेखापरीक्षकाला उत्तर देणेही सोपे जाते. शिवाय हा विदा गोळा करतानाच पालिकेला आपल्या घरातला पसारा दिसतो, आणि हा फायदा कोणत्याही कंपनीची निवड होण्याआधी पदरात पडतो.

कराराच्या रचनेकडे वळण्याआधी न्यूयॉर्कचे एक उदाहरण सांगायला हवे, कारण त्यात पैशाचे भोक कुठे पडते ते स्वच्छ दिसते. शहराच्या कर्मचाऱ्यांची हजेरी आणि त्यावरून वेतन काढण्यासाठी १९९८ मध्ये ‘सिटीटाइम’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. अंदाज होता ६.३ कोटी डॉलरांचा. अखेरीस खर्च ६० कोटी डॉलरांच्या वर गेला. लाचखोरी उघड झाली, प्रकल्प सांभाळण्यासाठी शहराने नेमलेला सल्लागारच दोषी ठरला, आणि मुख्य कंत्राटदार एसएआयसी या कंपनीने २०१२ मध्ये खटला टाळण्याच्या समझोत्यात सुमारे ५० कोटी डॉलर भरायचे मान्य केले. भ्रष्टाचाराची गोष्ट म्हणून ती पुष्कळदा सांगितली जाते. मला त्यातला २००६चा एक बदल अधिक बोलका वाटतो. तोवर काम ठरलेल्या किमतीचे होते. त्या वर्षी करारात दुरुस्ती होऊन लागेल तितक्या मनुष्यबळाचे पैसे शहराने द्यायचे असे ठरले. त्या दिवसापासून उशिराचा तोटा कंत्राटदाराचा राहिला नाही, उलट उशीर त्याच्या फायद्याचा झाला. चोरीला दार त्या दुरुस्तीने उघडून दिले. आणि अशी दुरुस्ती करायची वेळ येते ती काम काय आहे हे सुरुवातीला न ठरल्यामुळेच. मागण्या दर महिन्याला बदलत असतील तर ठरलेल्या किमतीत काम करायला कोणीही तयार होणार नाही, प्रामाणिक कंपनीसुद्धा.

म्हणून करारात पैसे कशाला बांधले आहेत हे पाहावे. नेहमीचे टप्पे असतात पुरवठा, स्थापना, प्रशिक्षण आणि ‘प्रणाली सुरू’. प्रशिक्षणाचा टप्पा हजेरीपटावर सह्या घेतल्या की पुरा होतो, आणि ‘सुरू’ म्हणजे कोणीतरी फीत कापली की झाले. त्याऐवजी रकमेचा मोठा हिस्सा तीन गोष्टींपर्यंत रोखून ठेवावा. नव्या प्रणालीतली आरंभीची शिल्लक शेवटच्या लेखापरीक्षित हिशेबाशी रुपयागणिक जुळली पाहिजे. सलग तीन महिने सर्व बँक खात्यांचा ताळमेळ प्रणालीतूनच निघाला पाहिजे, बाजूला एक्सेलमध्ये नाही. आणि एक संपूर्ण वर्ष तिच्यात बंद होऊन त्याचे लेखापरीक्षण झाले पाहिजे. बदलाच्या मागण्यांचे दर देकारातच ठरलेले असावेत आणि मागणी मंजूर करण्याचा अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे असावा, नाहीतर प्रत्येक विभागप्रमुख आपला जुना नमुना पुन्हा आणून बसवतो. आणखी एक अट सहज विसरली जाते. १ एप्रिल २०२३पासून भारतातल्या कंपन्यांना असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक नोंदीत कोणी, केव्हा, काय बदलले याचा माग राहतो आणि तो बंद करता येत नाही. नगरपालिका कंपनी कायद्याखाली येत नाही. म्हणजे किराणा मालाच्या खासगी कंपनीवर जे बंधन आहे ते जनतेच्या पैशाच्या हिशेबावर आपोआप येत नाही. ते करारातच लिहून घ्यावे लागते.

वेळापत्रकाचेही असेच. हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते म्हणून प्रणालीही त्याच दिवशी सुरू करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो योग्यही आहे. पण मग चाचण्या आणि जुन्या नोंदींची सफाई येते जानेवारी ते मार्चमध्ये, जेव्हा करविभाग वसुलीत आणि लेखा विभाग देयकांच्या ढिगाखाली असतो. ज्यांनी चुका पकडायच्या त्यांनाच मान वर करायला फुरसत नसते. सफाई आदल्या जूनपासून सुरू झाली आणि डिसेंबरअखेर आरंभीच्या शिलकीची रंगीत तालीम झाली, तरच १ एप्रिलला अर्थ आहे. नाही झाली तर सरळ पुढच्या १ एप्रिलपर्यंत थांबावे. थांबण्याचा हा अधिकार कोणाकडे आहे तेही करारात असावे. बर्मिंगहॅमने आधी तारखा पुढे ढकलल्या होत्याच, तरी शेवटी अपुऱ्या तयारीने प्रणाली सुरू केली. कारण पुन्हा एकदा ‘अजून नाही’ असे म्हणायला बळ लागते. तसे म्हणणाऱ्याला सभागृहात प्रश्न विचारले जातात, आणि विचारले जावेत. आपल्याकडे मुंबईसह अनेक महापालिकांत २०२२नंतर काही वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. त्या काळात असे प्रश्न कोणी कोणाला विचारायचे, हाही या विषयाचाच भाग आहे.

सावधगिरीच्या या युक्तिवादाला दोन्ही बाजूंनी हरकत घेतली जाते. एक बाजू म्हणते, तुम्ही बर्मिंगहॅमचे खापर सॉफ्टवेअरवर फोडता, तर शहर बुडाले समान वेतनाच्या देण्याने. हे खरे आहे. प्रणालीचे १० कोटी नसते तरी नोटीस निघालीच असती असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण नोटिशीनंतर शहराला सावरताना सरकारने आयुक्त नेमले, परिषदेने मालमत्ता विकायला काढल्या, नागरिकांचा परिषद कर २०२४-२५ मध्ये ९.९९ टक्के आणि पुढच्या वर्षी ७.४९ टक्के वाढवला. हे सगळे निर्णय ज्या आकड्यांवर घ्यायचे ते आकडेच डळमळीत होते. संकट हिशेबप्रणालीने आणले नसेल, पण संकटात दिसायला हवे तेव्हा दिसत नव्हते ते तिच्यामुळेच. दुसरी हरकत अशी की इतका विचार करत बसलो तर जुनी प्रणालीच चालू राहील आणि तीही धोक्याचीच. यातही तथ्य आहे. मोठे विक्रेते जुन्या आवृत्त्यांची देखभाल बंद करण्याच्या तारखा जाहीर करतात. सॅपच्या जुन्या आवृत्तीसाठी मुख्य देखभालीची मुदत २०२७अखेर आहे. मात्र अशी तारीख अनेक वर्षे आधी कळलेली असते. ती जवळ आल्यावर धावपळीत खरेदी करणे म्हणजे आपले वेळापत्रक विक्रेत्याच्या हाती देणे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. प्रत्येक नगरपालिकेने वेगळी खरेदी करायचीच कशाला? ग्रामपंचायतींसाठी केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज सुरू केले. देशभरच्या पंचायती आपले नियोजन, हिशेब आणि देयके त्या एकाच प्रणालीवर करतात. मग शहरांनाही अशीच एक सरकारी प्रणाली द्यावी. लहान नगरपंचायतींच्या बाबतीत मला हे पूर्णपणे पटते. दोन-चार कारकून आणि एक लेखापाल असलेल्या कार्यालयाकडून वर सांगितलेली सगळी तयारी अपेक्षिणे अन्यायाचे आहे, आणि लेखापाल राज्यसंवर्गातला असल्याने त्याची बदली झाली की शिकलेले सगळे त्याच्याबरोबर जाते. पण पंचायतीचे व्यवहार तुलनेने एकसारखे असतात. महापालिकेत पाणीपट्टी, रुग्णालय, परिवहन सेवा, विकास शुल्क, कर्जरोखे आणि शेकडो कंत्राटदारांच्या अनामती असतात. खुल्या स्रोताची प्रणालीही उपलब्ध आहे. नंदन निलेकणी आणि श्रीकांत नादमुनी यांनी २००३ मध्ये स्थापन केलेल्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनची रचना अनेक राज्यांतल्या शहरांनी वापरली आहे. परवान्याचे पैसे त्यात वाचतात. जुना विदा साफ करण्याचे, लेखाशीर्षे ठरवण्याचे आणि टेबले कमी करण्याचे काम मात्र तसूभरही वाचत नाही. त्यामुळे मला मधला मार्ग सयुक्तिक वाटतो. नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने लेखाशीर्षांचा एकच आराखडा, नमुना करार आणि वर सांगितलेली ताळमेळाची चाचणी तयार करून द्यावी. जिल्ह्यातल्या लहान नगरपालिकांनी मिळून एक खरेदी करावी आणि त्यांच्यासाठी दोन जाणते लेखापाल किमान पाच वर्षे एकाच जागी राहतील अशी सोय व्हावी. मोठ्या महापालिकांनी मात्र असे लोक आपल्याच आस्थापनेवर ठेवावेत. सल्लागार कंपनी नेमून ही उणीव भरत नाही. सल्लागाराचा करार संपतो आणि त्याने लिहिलेल्या निविदेचे परिणाम भोगायला तो हजर नसतो.

उरतो तो करार संपतानाचा प्रश्न, आणि तो करार करतानाच सोडवायचा असतो. हल्ली बहुतेक प्रणाली वार्षिक वर्गणीवर, दूरच्या सर्व्हरवर चालतात. पहिल्या वर्षाची रक्कम लहान दिसते म्हणून तुलना निदान सात वर्षांच्या एकूण खर्चावर व्हायला हवी, त्यात वर्गणीवाढीची कमाल मर्यादा धरून. विदा पालिकेचा आहे असे एक वाक्य सगळ्याच करारांत असते. त्या वाक्याने काही होत नाही. विक्रेता बदलायची वेळ आली की कळते की विदा हाती आला आहे, पण कोणत्या रकान्यात काय आहे हे फक्त जुन्या कंपनीला माहीत आहे. त्यासाठी करारात असे हवे की दर सहा महिन्यांनी संपूर्ण विदा, रकान्यांच्या वर्णनासह, कोणत्याही प्रणालीत उघडेल अशा स्वरूपात पालिकेकडे जमा होईल. आणि वर्षातून एकदा पालिकेचा लेखापाल, विक्रेत्याचा माणूस खोलीत नसताना, त्या प्रतीवरून एका कंत्राटदाराची अनामत रक्कम आणि एका मालमत्तेची थकबाकी शोधून काढील. त्याला ती सापडली नाही, तर त्या वर्षाच्या देखभालीचे पैसे थांबतील.